सनशाइनमध्ये घर घ्यावं का, आणि हे नाव आलं कुठून?

रेवती_टार्नेट:

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं तीन वर्षं मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेटला भाड्याने राहतोय. नवऱ्याची नोकरी आता पार्कव्हिलला आहे आणि नव्या बोगद्यातून गाड्या सुरू झाल्यापासून सनशाइनहून त्याला गाडी न बदलता जाता येतं. म्हणून तिथलं एक जुनं लाकडी घर बघून आलो. अंगण मोठं, मागे लिंबाचं झाड, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. मला घर आवडलं.

पण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचा चेहरा बदलला. "सनशाइन? मुलगी आहे ना तुम्हाला?" एवढंच म्हणतात, पुढे काही सांगत नाहीत. नक्की भीती कशाची आहे ते मला समजून घ्यायचं आहे.

दुसरं असं की लेक दुसरीत आहे आणि शाळेत "आपला परिसर" यावर चार ओळी लिहून न्यायच्या आहेत. तिने हट्टाने सनशाइन घेतलं, कारण नाव आवडलं. हे नाव कुठून आलं? कुणी म्हणतं कारखान्यावरून पडलं. तिथे राहणाऱ्यांनी किंवा राहिलेल्यांनी कृपया लिहावं.

सागर_एम:

ताई, माझा अनुभव वाईट आहे, तो तसाच सांगतो. २००९ च्या मे महिन्यात रात्री साडेअकराच्या गाडीने उतरलो. पुलाखाली तिघांनी अडवलं. फोन गेला, पाकीट गेलं, खालचा ओठ फाटला. तीन टाके पडले. मी पुढच्याच महिन्यात दुसरीकडे राहायला गेलो आणि आजही तिकडे रात्री जाणं टाळतो. आता सुधारलंय असं ऐकतो, पण मनातून जात नाही. मुलीला घेऊन राहायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर स्टेशनवर दोन-चार दिवस उभं राहून बघा, मग ठरवा.

पलूसचा_फिटर:

रेवतीताई, मी २००८ च्या जुलैत सनशाइनला आलो आणि अजून इथेच आहे. त्यामुळे जरा लांबेल.

आधी सागरदादाबद्दल. ते म्हणतात ते खरं आहे आणि ते दिवस मीही काढलेत. तेव्हा या लाइनला सिडनहॅम लाइन म्हणायचे. शेवटच्या गाड्यांत आम्ही पोरं मुद्दाम चालकाच्या केबिनला लागून पहिल्या डब्यात बसायचो. लॅपटॉप भाजीच्या पिशवीत घालून आणायचा, फोनवर मराठीत मोठ्याने बोलायचं नाही, असे नियमच करून टाकले होते. ३१ मे २००९ ला भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांचा निषेध म्हणून हजारो विद्यार्थी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या चौकात बसले, त्यांत मीही होतो. लोकांच्या मनात सनशाइनचं नाव तेव्हा जे बसलं ते अजून पुसलेलं नाही. आज माझी बायको दुसरी पाळी करून रात्री साडेदहाला चालत घरी येते. पण कुणाला भीती वाटली तर त्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही.

आता नाव. होय, कारखान्यावरून पडलं. खरं तर कारखान्यावरूनही नाही, एका यंत्रावरून.

१९०७ पर्यंत या जागेला ब्रेब्रुक जंक्शन म्हणत. बॅलरॅट आणि बेंडिगो, दोन्हीकडच्या रेल्वे इथे फुटतात म्हणून जंक्शन. त्याच्या कितीतरी आधीपासून ही कुलिन लोकांची, म्हणजे वुरुंजेरी आणि बुनुराँग यांची भूमी. पश्चिमेला कोरोरॉइट नावाचा ओढा आहे, तो अजून वाहतो. ह्यू व्हिक्टर मके नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, उत्तर व्हिक्टोरियात ड्रमार्टिन गावी शेतावरच्याच शेडमध्ये भाऊ-वडिलांना घेऊन गव्हाचं यंत्र जुळवलं. घोडे ओढत न्यायचे आणि कणसं ओरबाडणं, मळणी, उफणणी हे सगळं एका फेरीत. तशा खटपटीत तेव्हा आणखीही लोक होते, पण मकेने ते विकून दाखवलं. आमच्याकडे खळ्यावर पाटी घेऊन वाऱ्याची वाट बघत उभी राहणारी आजी मी पाहिलेली आहे. त्यामुळे उफणणी यंत्रात घालणं म्हणजे केवढी सुटका, ते मला वेगळं सांगावं लागत नाही. त्या यंत्राचं नाव त्याने ठेवलं सनशाइन.

आधी कारखाना बॅलरॅटला होता. यंत्रं अर्जेंटिनापर्यंत जायला लागली, मग बंदराजवळ, रेल्वेच्या फाट्यावर जागा हवी झाली. १९०४ मध्ये त्याने ब्रेब्रुक जंक्शनचा अवजारांचा एक कारखाना विकत घेतला आणि १९०६ मध्ये सगळा पसारा इकडे आणला. आणखी एक कारण होतं. मजुरीचे दर ठरवणाऱ्या वेतन मंडळांचा अंमल त्या काळी या भागावर नव्हता. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. १९०७ मध्ये गावाने यंत्राचं नाव घेतलं. स्टेशनची पाटी बदलली.

मी मूळचा पलूस तालुक्यातला. आमच्याकडे कुंडल रोड स्टेशनचं किर्लोस्करवाडी झालं तेही असंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात माळावर कारखाना काढला, लोखंडी नांगर केले, भोवती गाव वसवलं. मकेनेही तेच केलं. भूखंड पाडून कामगारांना घरासाठी दिले, १९०९ मध्ये बाग केली, गावात तंत्रशाळा यावी म्हणून खटपट केली. दोन माणसं, दोन माळ, मध्ये अख्खा समुद्र, आणि थोड्याच वर्षांच्या अंतराने दोन स्टेशनांची नावं शेतीच्या अवजारांनी बदलली. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा रात्री साडेदहाला (इथले, तिकडे संध्याकाळ होती) वडिलांना फोन लावला होता.

पण लेकीच्या वहीत एकच गोष्ट लिहायची असेल तर ही लिहा.

१९०६ मध्ये इथल्या केंद्र सरकारने कायदा केला की देशी अवजारांवर अबकारी कर लागेल, पण जो कारखानदार कामगारांना "न्याय्य आणि वाजवी" मजुरी देईल त्याला तो माफ. मकेने करमाफीसाठी अर्ज केला. प्रकरण न्यायमूर्ती हेन्री बॉर्न्स हिगिन्स यांच्यापुढे मेलबर्नमध्ये चाललं. कायद्यात शब्द होते, आकडा नव्हता. वाजवी म्हणजे किती?

हिगिन्स यांनी मालकाला किती परवडतं इथून सुरुवात केलीच नाही. माणसाला जगायला काय लागतं इथून केली. त्यांनी निकालात घोड्याचं उदाहरण दिलंय. कुणी आपले घोडे दुसऱ्याला वापरायला दिले आणि नीट वागव म्हणून सांगितलं, तर त्याने दाणापाणी, निवारा आणि विश्रांती द्यायलाच हवी. मग माणसाचं काय? हे वाचताना मला पेरणीच्या दिवसांत पैऱ्याला दिलेला आमचा बैल आठवला. संध्याकाळी बैल परत आला की आजोबा आधी त्याच्या पोटावरून हात फिरवून बघायचे, पोट भरलंय का.

न्यायालयात संसार चालवणाऱ्या बायकांचे घरखर्च मांडले गेले. अशा नऊ घरांची सरासरी काढली. भाडं, किराणा, पाव, मटण, दूध, सरपण, भाजी, फळं मिळून आठवड्याला १ पौंड १२ शिलिंग ५ पेन्स, म्हणजे ३२ शिलिंगांच्या वर. माणसं साधारण पाच. आणि मग हिगिन्स लिहितात की यात अजून काय काय आलेलं नाही. दिवाबत्ती नाही, कपडे नाहीत, बूट नाहीत, भांडी नाहीत, विमा नाही, बचत नाही, पुस्तकं आणि वर्तमानपत्रं नाहीत, ट्रामचं भाडं नाही, शिवणयंत्र नाही, शाळेच्या वस्तू नाहीत, करमणूक आणि सुट्टी नाही, आजारपण नाही, मरण नाही, दानधर्म नाही. मी ही यादी स्वतःच्या हाताने लिहून फ्रिजवर लावलेली आहे. आजवर जितकी सरकारी कागदपत्रं वाचली त्यांत मला इतका मायाळू कागद दुसरा भेटलेला नाही.

मकेच्या कारखान्यात बिगारी कामगाराला दिवसाला ६ शिलिंग मिळत होते. हिगिन्स यांनी ८ नोव्हेंबर १९०७ ला ७ शिलिंग ठरवले. सहा दिवसांचे ४२. पुढे १९०८ मध्ये उच्च न्यायालयाने तो कर-कायदाच घटनाबाह्य ठरवला, त्यामुळे मकेला ते द्यावेच लागले असं झालं नाही. १९११ मध्ये त्याच्या कारखान्यात तेरा आठवडे संप झाला आणि कामगार हरले. पण सात शिलिंगांचं ते माप पुढे देशभर धरलं गेलं. ऑस्ट्रेलियात किमान वेतनाची गोष्ट निघाली की सुरुवात अजून "हार्वेस्टर निकाल" इथूनच करतात. हार्वेस्टर म्हणजे तेच गव्हाचं यंत्र, आमच्या सनशाइनचं.

आता मी हे एवढं जीव लावून का लिहितोय. २००९ मध्ये देशाचं किमान वेतन तासाला १४ डॉलर ३१ सेंट होतं. मी एका खानावळीत तासाला ८ डॉलरवर भांडी घासत होतो, रोख. व्हिसावर आठवड्याला वीस तासांची मर्यादा आणि मी करायचो तीस-बत्तीस. मालकाला ते माहीत होतं, म्हणून तक्रार करायची सोय नव्हती. रात्री सनशाइनला उतरून घरी जायला रेल्वेवरच्या जुन्या पादचारी पुलावरून जवळचा रस्ता होता. एका बाजूला मकेची बाग, दुसऱ्या बाजूला त्याच्या कारखान्याची जागा. त्या पुलावरून मी वर्षभर रोज चाललो, खिशात बुडवलेली मजुरी घेऊन, आणि मला काहीच माहीत नव्हतं.

माहीत झालं शेजारच्या म्हाताऱ्यामुळे. माल्टाहून आलेला, नव्वदीच्या जवळ पोचलेला. एकदा कुंपणावरून अंजिरं देताना विचारलं त्याने, तुझे वडील काय करतात? म्हटलं, ट्रॅक्टरने भाड्याने नांगरट करतात. कोणता ट्रॅक्टर? म्हटलं, मॅसी. त्याने अंजिरांचं टोपलं खाली ठेवलं. म्हणाला, मी पण मॅसीत होतो, एकोणतीस वर्षं. मकेच्या मृत्यूनंतर कारखाना आधी मॅसी हॅरिसशी जोडला गेला, मग मॅसी फर्ग्युसनचा झाला, आणि इथले जुने लोक त्याला नुसतं "द मॅसी" म्हणतात. आमच्या दारातला ट्रॅक्टर चेन्नईत बनलेला, त्यांचा इथला कारखाना १९८६ मध्ये बंद झालेला, तरी शब्द तोच. मग तो मला हाताला धरून कारखान्याच्या गेटपाशी घेऊन गेला. गेट उभं आहे, घड्याळाचा मनोरा उभा आहे, बाकी सगळं १९९२ मध्ये पाडलं आणि तिथे आता मॉल आहे. गेटच्या गजावर अंगठा फिरवत तो म्हणाला, सकाळी इथे इतकी सायकलींची दाटी असायची की उतरून चालावं लागायचं. सात शिलिंगांची गोष्ट मला त्याने सांगितली. दुसऱ्या दिवशी मी खानावळ सोडली. नंतर फिटरची अप्रेंटिसशिप केली.

घर घ्या, ताई. शनिवारी मी गेट, मनोरा, पूल आणि बाग दाखवेन, लेकीला घेऊन या.

अनघा_नाइटशिफ्ट:

फिटरदादा, छान लिहिलंत, मी दोनदा वाचलं. पण एक गोष्ट मला टोचते आणि ती मुलीच्या वहीतही यायला हवी.

खर्च सांगितला बायकांनी. म्हणजे पावाला किती आणि दुधाला किती हे ज्यांच्या बोटांवर होतं त्या नऊ घरांतल्या बायकांनी. आणि मजुरी ठरली पुरुषाची. ती घरात बसून पुरुषाच्या मजुरीत धरलेली होती, "बायको आणि तीन मुलं" अशी. जी स्वतः कामाला जात होती तिचं काय? त्याच हिगिन्स यांनी १९१२ मध्ये फळं तोडणाऱ्या बायकांना पुरुषांएवढा दर दिला, कारण ते काम पुरुषांचं समजलं जायचं. फळं डब्यात भरणं मात्र बायकांचं काम ठरलं, त्याला कमी. १९१९ मध्ये बायकांचा पायाभूत दर पुरुषांच्या साधारण ५४ टक्के झाला. म्हणजे घराचं पोट तिच्यावर असलं तरी अर्धंच. १९५० मध्ये ७५ टक्के केला. समान कामाला समान वेतन १९६९ मध्ये, तेही आधी मोजक्या बायकांना, मग १९७२ मध्ये समान मोलाच्या कामाला. आणि किमान वेतन बायकांनाही लागू झालं १९७४ मध्ये. सात शिलिंगांपासून मोजा, ६७ वर्षं.

मी सनशाइन नॉर्थला वृद्धाश्रमात काम करते. आजी-आजोबांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं. २०२३ च्या जूनअखेर आमचा पगार १५ टक्क्यांनी वाढला तेव्हा त्या निकालात स्पष्ट म्हटलं गेलं की हे काम बायकांचं म्हणून आजवर कमी धरलं गेलं. पगाराची पहिली चिठ्ठी आली त्या रात्री मी आणि माझी फिलिपिनो सोबतीण, आम्ही दोघी कपडे बदलायच्या खोलीत ती चिठ्ठी हातात धरून बसलो होतो. कॅलेंडरवर मागच्या वर्षांचा हिशोब करत बसलो, मला नऊ वर्षं झाली होती, तिला चौदा.

रेवती, राहण्याचं विचारलंस तर मी रात्री दहाला येते-जाते. स्टेशनबाहेर कधी कधी नशेत असलेले लोक असतात, मोठ्याने भांडतात. मी उजेडाच्या बाजूने चालते आणि गाडी स्टेशनच्या दाराजवळ लावते. सात वर्षांत मला कुणी हात लावलेला नाही. हॅम्पशायर रोडवर व्हिएतनामी भाजीवाल्या आहेत, त्यांच्याकडे कढीपत्ता, अळू, ताजा पुदिना, कच्चा फणस, सगळं मिळतं. एक आजी मला बघितलं की न सांगता मिरच्यांची पुडी बांधते.

वसंत_काका:

सर्व मुलांना आशीर्वाद. मी १९७४ मध्ये मेलबर्नला आलो आणि तेव्हापासून पश्चिमेतच आहे. त्या वेळी या भागात मराठी घर शोधायचं म्हणजे टेलिफोनच्या जाड पुस्तकात आडनावं बघत बसायचं.

फिटरने मांडलेल्या इतिहासात मला दोन गोष्टी घालायच्या आहेत. एक म्हणजे, सात शिलिंगांच्या त्या न्यायात तुम्हाआम्हाला जागा नव्हती. १९०१ मध्ये याच देशाने गोऱ्यांशिवाय इतरांना आत घ्यायचं नाही असा कायदा केला होता, आणि चांगली मजुरी टिकवायची तर बाहेरच्यांना रोखायचं, हे त्या काळच्या राजकारणात एकाच दमात बोललं जायचं. ते धोरण शेवटी १९७३ मध्ये मोडीत निघालं, म्हणून मी १९७४ मध्ये येऊ शकलो. हिगिन्स मोठा न्यायाधीश होता यात शंका नाही. पण २००९ मध्ये आठ डॉलरवर भांडी घासणारा मुलगा आणि १९०७ मध्ये दाराबाहेर ठेवलेला माणूस यांचं नातं मला स्पष्ट दिसतं.

दुसरी गोष्ट रेल्वेची. नाव बदलल्याला वर्षही झालं नव्हतं, २० एप्रिल १९०८, ईस्टरचा सोमवार. सुट्टीहून परतणाऱ्या माणसांनी भरलेली बॅलरॅटची गाडी रात्री सनशाइन स्टेशनात उभी होती आणि बेंडिगोची गाडी मागून तिच्यावर आदळली. ४४ माणसं गेली, चारशेहून जास्त जखमी. जवळजवळ सगळे बॅलरॅटच्या गाडीतले. चालकांवर आणि स्टेशनमास्तरवर खटला झाला, ते सुटले. मी स्टेशनवर उभा असलो की मला ते आठवतं. मुलीला हे आत्ता सांगू नका, मोठी झाली की सांगा.

कारखाना बंद झाला ते वर्ष मला चांगलं आठवतं. माझी नोकरी दुसऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होती, पण रविवारच्या बाजारात भेटणारे इटालियन, माल्टीज, पोलिश, युगोस्लाव्ह लोक सगळे कुठल्या ना कुठल्या कारखान्यातले. १९२० च्या दशकात मकेच्या कारखान्यात तीन हजारांच्या आसपास माणसं होती, दक्षिण गोलार्धातला सर्वांत मोठा अवजारांचा कारखाना म्हणून त्याची ख्याती. ऐंशीच्या दशकात पश्चिमेतले एकेक भोंगे थांबत गेले. पन्नाशीतले पुरुष दुपारी दोन वाजता बागेत बाकावर बसलेले दिसायचे, ऑफिसला जातो तसे कपडे घालून. गिरणगावातून आलेल्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. सनशाइनचं नाव खराब व्हायला सुरुवात २००९ मध्ये नाही, तेव्हा झाली. आधी काम गेलं, मग नाव गेलं.

आणि त्याच वर्षांत व्हिएतनामी लोक आले. सायगाव पडल्यानंतर होड्यांतून निघालेली माणसं, मॅरिबर्नाँगच्या मिडवे वसतिगृहात उतरायची आणि तिथून फुटस्क्रे, सनशाइन, सेंट ऑल्बन्सला घर शोधायची. बंद पडलेल्या दुकानांची शटर त्यांनी उघडली. पहाटे पाच वाजता पावाच्या भट्ट्या सुरू. माझी बायको सांगायची की ओस पडलेल्या रस्त्यावर पुन्हा मसाल्याचा वास आला तो त्यांच्यामुळे, आपण नंतर आलो.

फिटर, तुझ्यासाठी एक. मकेने शेवटी सनबरीचा रूपर्ट्सवूड हा वाडा घेतला आणि १९२६ मध्ये तिथेच वारला. हा तोच वाडा, जिथे १८८२ च्या नाताळात इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लायला राखेचा तो छोटा कलश थट्टेत दिल्याचं सांगतात. ॲशेसचं मूळ. तुमच्याच लाइनवर, शेवटच्या स्टेशनाशी.

रेवती, आता घराचं. जुनं लाकडी घर म्हणतेस तर ते जमिनीवर नाही, खुंटांवर उभं असणार. पूर्वी रेड गम लाकडाचे खुंट घालत. पश्चिम मेलबर्नची जमीन बेसाल्टची आहे, आपल्या सह्याद्रीसारखाच काळा दगड खाली आणि वर चिकण माती. ही माती आपल्या काळ्या रानासारखी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घराला खालून हलवत राहते. त्यामुळे घरात गेलीस की दारं बघ, आपोआप मिटतात किंवा उघडतात का. मधल्या खोलीत जमिनीवर मुलीची गोटी सोड आणि कुठे जाते ते बघ. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेली असेल तर खालचे खुंट कुजलेले किंवा खचलेले असू शकतात. खुंट बदलून सिमेंटचे घालता येतात, त्याला इथे रीस्टंपिंग म्हणतात, पण खर्च मोठा आहे, तो किमतीतून आधी वजा करून घे. आणि घराच्या भिंतीला चिकटून मोठं झाड असेल तर मुळं पाणी ओढतात, माती अजून आक्रसते. लिंबाचं झाड किती लांब आहे?

पलूसचा_फिटर:

काका, ॲशेसचं मला माहीत होतं, पण वाडा मकेने घेतला हे नव्हतं. वडिलांना सांगतो.

अनघाताई, बरोबर बोललात. फ्रिजवरच्या यादीखाली १९७४ लिहून ठेवलंय. आणि काका, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मी दिवसभर विचार करतोय. कामावर स्पॅनर हातात घेऊन उभा राहिलो होतो. मला त्या निकालाबद्दल वाटतं ते कमी झालेलं नाही, पण आता तो कागद वाचताना १९०१ पण दिसणार.

एवढंच जोडतो की मजुरी जाणूनबुजून बुडवणं हा व्हिक्टोरियात २०२१ मध्ये आणि १ जानेवारी २०२५ पासून देशभर फौजदारी गुन्हा झाला आहे. कुणाचा भाचा, पुतण्या शिकायला आला असेल आणि रोख पैशांवर काम करत असेल तर त्याला सांगा, किमान वेतन जुलै २०२५ मध्ये तासाला २४ डॉलर ९५ सेंट झालं. तास लिहून ठेवायची वही कर म्हणावं. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. माझ्याकडे २००९ ची अशी वही नाही, त्यामुळे त्या वर्षाचं मला काहीच सिद्ध करता आलं नाही.

सागर_एम:

फिटर, तो पादचारी पूल बागेच्या बाजूचा म्हणतोस ना? मला अडवलं तो दुसरीकडचा. शनिवारी दिवसा असाल तर मी येतो. सोळा-सतरा वर्षं झाली, एकदा येऊन बघायला हवं.

रेवती_टार्नेट:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काका, काल पुन्हा घर बघून आलो. गोटी नव्हती, लेकीने लिंबू सोडलं. बैठकीच्या खोलीतून घरंगळत सरळ मागच्या दारापर्यंत गेलं. लिंबाचं झाड भिंतीपासून चार पावलांवर आहे. दलालाला खुंटांचं विचारलं तर म्हणाला तपासून सांगतो. तपासणी आम्हीच आमच्या माणसाकडून करून घेणार आहोत आणि आकडा हातात आल्याशिवाय बोली लावणार नाही.

लेकीच्या चार ओळी झाल्या, तशाच देते: "सनशाइन हे एका मशीनचं नाव आहे. ते गहू काढायचं. इथे एका जजने विचारलं की घराला किती पैसे लागतात. नऊ आयांनी सांगितलं." बाई म्हणाल्या चित्र काढून आण, म्हणून तिला गेट बघायचं आहे.

शनिवारी दहाला आम्ही येतो. गाडी मॉलच्या पार्किंगमध्ये लावली तर गेट तिथून चालत जवळ आहे का, तेवढं सांगा. अनघा, तू रात्रपाळीहून सुटून थकलेली नसशील तर ये, मिरच्यांवाल्या आजींचं दुकान तूच दाखव.